लेकीचं रक्त

डॉक्टर सुलेखाबाईंना संशयाची खोडच होती, आणि त्यांच्या कामाला ती शोभायचीही. पेशीतला डीएनए रोज झिजतो, तुटतो, आणि पेशी स्वतःच तो सांधते. काही घराण्यांत ही दुरुस्तीच अधू असते, नि मग तिथं कॅन्सर मुक्काम ठोकतो. बाईंचं संशोधन अशाच घराण्यांवर. लासूर स्टेशनच्या आवडाबाईंची बहीण छातीच्या कॅन्सरनं गेली, त्यांचं स्वतःचंही ऑपरेशन झालेलं. म्हणून बाईंनी फोन केला, "लेकीला रक्त द्यायला पाठवा." ओढणी लपेटलेली एक पोरगी संभाजीनगरला आली, रक्त देऊन गेली. अहवाल आला तो एकदम स्वच्छ.

आता माणसानं खुश व्हावं की नाही? पण बाई कसल्या ऐकतात! पुन्हा तपासलं. आईकडून लेकराला जसाच्या तसा मिळणारा डीएनएचा एक भाग असतो, तोच आवडाबाईंच्या आधी घेतलेल्या रक्ताशी जुळेना. म्हणजे हे रक्त आवडाबाईंच्या पोटच्या पोरीचं नव्हतंच! आधी प्रयोगशाळेतल्या सत्यमवर खेकसून झालं, "नळ्या बदलल्यास ना?" तो बिचारा रडकुंडीला आला. मग बाईंनी थेट लासूर गाठलं.

"या मॅडम, आमच्या लेकीची, श्रेयाची सुपारी फुटली बघा," आवडाबाई हसल्या, पण नजरेला नजर काही देईनात. चहा घेऊन आली ती तीच रक्त दिलेली पोरगी. आज तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

"ही कोण?"

"सायली. आमची सून."

"मी लेकीला बोलावलं होतं!"

"मंग? सुनेला लेकच मानतो आम्ही. फरक करत नाय."

"आवडाबाई, मला बनवू नका!" बाईंचा पारा चढला.

आवडाबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, श्रेयाच्या रक्तात खोट निघाली नि सोयऱ्यांच्या कानावर गेलं, तर कोण करील तिला? सायलीचं तर लगीन झालंय, तिचं काय बिघडणार व्हतं?" बाईंना राग आला नि कीवही आली.

तेवढ्यात आतून श्रेया आली. बाही वर सारून तिनं हात पुढं केला.

"घ्या रक्त. नि काखेत गाठ लागतीय, ती बी बघा."

आवडाबाईंनी तिचा दंड धरला. "कवापास्नं गं? मला का नाय सांगितलं?"

"सांगायलाच आले व्हते," श्रेया म्हणाली, "तर तू माझ्या नावानं वहिनीला धाडत व्हतीस."