राखेचा तिसरा वाटा

"ताई, बघ आता कशी लखलखतेय," धाकटा बोहाई म्हणाला, आणि सूयुनच्या हातातली भाजीची पिशवी गळून पडायचीच बाकी राहिली.

चीनमधल्या छ्वान्चौ शहरातल्या त्या घरात पितरांच्या नावांच्या पाटीपुढची ब्राँझची धूपदाणी वर्षातून एकदाच, वर्षअखेरच्या सफाईला, जागची हलायची. या शहाण्यानं ती भर उन्हाळ्यात अंगणात नेऊन तारेच्या घासणीनं घासली होती. तीन पाय, दोन उभे कान, प्राचीन राजांच्या पूजापात्राचा घाट, आणि रंग नव्या कढईचा.

"अरे, पण का?"

"जुन्या वस्तूंचा व्यापारी येतोय ना. वाटण्या व्हायच्यात, विकून मोकळं होऊ."

"आणि आतली राख?"

"बादलीत ओतलीये. जाईल कचऱ्यात."

सूयुननं कपाळावर हात मारला. शाळेच्या भटारखान्यात तिनं चौतीस वर्षं भात वाढला. तिथल्या सहा वर्षांच्या पोरांना याच्याहून जास्त अक्कल होती. रोज पहाटे कामावर जाण्याआधी तीन उदबत्त्या लावायच्या आणि तळहातानं धूपदाणीचं पोट पुसायचं, हे तिचं. घर वाटलं की जुनी राख लाल कागदात बांधून न्यायची आणि तिच्यावर आपल्या घरी पितरांची नवी धूपदाणी मांडायची, अशी रीत; पण ती राख फक्त मुलग्यांना. लेकीला नाही, बिनलग्नाच्या लेकीला तर नाहीच. वडील गेल्यापासून एक मूठ मागावी असं तिच्या मनात होतं, पण जीभ रेटत नव्हती. तिनं मुकाट्यानं बादली स्वयंपाकघरात नेली.

व्यापाऱ्यानं धूपदाणी उलटीसुलटी केली. "फोटोत हिच्यावर मधासारखी कांती होती. वर्षानुवर्षं ऊब आणि हात लागल्याशिवाय ती चढत नाही. कुठं गेली?"

"धुतली," बोहाई म्हणाला.

"मग विकायचं होतं ते धुऊन टाकलंत," असं म्हणून तो चहा न पिताच गेला.

थोरला भाऊ मिंगताओ धाकट्याकडे बघत राहिला, धाकटा छताकडे. शेवटी मिंगताओनं खिशातून दोन लाल कागद काढले. "निदान राख तरी वाटून घेऊ. कुठंय ती?"

बोहाई बादली शोधायला उठला.

सूयुन चाळलेल्या राखेचा डबा घेऊन आली. भटारखान्यातल्या डावानं तिनं एक डाव थोरल्याच्या कागदात घातला, एक धाकट्याच्या. नंतर चौतीस वर्षं कामावर नेलेला, टवके उडालेला आपला चहाचा मग पुढं ओढला आणि तिसरा डाव त्यात रिकामा केला.

"ताई, पण रीत अशी आहे की..." बोहाई म्हणाला.

"आपला वाटा मिळाला ना? मग रांगेतून बाजूला हो."

पाटीपुढच्या लाकडावर धूपदाणीच्या तीन पायांचे डाग होते. त्यांच्या मधोमध तिनं तो चहाचा मग ठेवला, तीन उदबत्त्या खोवल्या आणि तळहातानं त्याचं पोट पुसलं.