कोटांच्या दोऱ्यांतली ताई

सन १९६६. जानेवारीत ताईचं लग्न ठरलं आणि सप्टेंबरात ती बोटीने नवऱ्याच्या देशी जाणार हेही ठरलं. ताई तेव्हा तेहतीस वर्षांची होती, मी चोवीस.

मी रफूच्या दुकानात कामाला होते. दुकान म्हणजे एक मोठी खिडकी, खिडकीशी दोन खुर्च्या आणि मागे दांडीवर टांगलेले लोकांचे कोट. दुसऱ्या खुर्चीत मावशी बसायची. ती माझी सख्खी मावशी नव्हे. सगळा रस्ताच तिला मावशी म्हणायचा. कुणाच्या कोटाला सिगरेटचं भोक पडलेलं असे, कुणाची पँट खिळ्याला अडकून फाटलेली असे. आम्ही त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून दोरे काढायचो आणि भोकाच्या जागी एकेक दोरा उभा-आडवा विणून कापड पुन्हा तयार करायचो. हे सगळं उलट बाजूने करायचं, म्हणजे दोऱ्यांची टोकं आत राहतात. आणि मावशीचा कायदा असा, की काम पुरं झाल्याशिवाय कापड सुलट करून बघायचं नाही.

"बघितलंस की घाई करशील," ती म्हणायची. "भात शिजला का म्हणून मिनिटामिनिटाला झाकण काढणारी बाई तू."

ते खरंच होतं. बाबा मला धांदल म्हणत आणि मावशीनेही तेच नाव उचललं होतं. मी दोरा ओढायची, मग कापडाला चुणी पडायची. मावशी न बघताच माझ्या मनगटावर चापट मारायची. "ओढू नको गं. येतोय ना तो? येऊ दे."

दिवसाच्या शेवटी ती कोट उजेडात धरायची आणि भोक कुठे होतं ते शोधायची. सापडलं नाही, तर काम पास. आपला हात कुणाला दिसला की आपण नापास, एवढंच तिचं शास्त्र होतं.

आता ताईचं सांगते. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई पंधराची. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर ते इतक्या बारीक चाकांत डोकं घालून बसत, की घरी आल्यावर माणसांसाठी त्यांच्याजवळ आवाज शिल्लक नसे. मला वाढवलं ते ताईनेच. माझं जेवण, माझे बूट, माझ्या वेण्या, माझा गोवर, सगळं तिच्याकडे.

पंधराव्या वर्षी मी तिला एक वाक्य बोलले. शाळेत निकालपत्रावर पालकांची सही हवी होती. ताई घाईघाईने आली, पेन काढलं, आणि मी सगळ्या वर्गादेखत, बाईंसमोर म्हटलं, "तू कशाला सही करतेस? तू काही माझी आई नाहीस."

ताईने पेनाचं टोपण लावलं. पेन पिशवीत ठेवलं आणि ती निघून गेली. संध्याकाळी मला रोजच्यासारखं वाढलं. त्या वाक्याचा तिने पुन्हा कधी उल्लेख केला नाही आणि मीही केला नाही. नऊ वर्षं ते आमच्या दोघींच्या मध्ये तसंच पडून होतं, निदान मला तसं वाटायचं. आता ती जाणार होती. बोट सुटायच्या आत मला ते मागे घ्यायचं होतं. माफी मागायची होती, आणि तिने माझ्यासाठी जे केलं ते मला माहीत आहे, एवढं सांगायचं होतं.

पण माझी जीभ घरात वेगळीच चालायची. मी ठरवून तिच्यासमोर जाऊन उभी राहायची.

"ताई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग की."

"तुझ्या मोठ्या बॅगेचं कुलूप नीट लागत नाही."

"एवढ्यासाठी इतका वेळ खांबासारखी उभी होतीस? मला वाटलं, तूही कुणाशी जमवून आलीस."

बाबा भिंगाआडून हसले. माझं सांगणं राहून गेलं. असं तीन-चारदा झालं. एकदा तर माफी मागायला गेले आणि टॉवेल कुणी ओला ठेवला यावरून भांडून परत आले.

फेब्रुवारीत एका दुपारी मी मावशीला म्हटलं, "मला काहीतरी भरायचंय. दिसेल असं. ताईसाठी."

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जन्म गेला माझा लपवण्यात. दिसणारं काम मला येत नाही, तुला कुठून शिकवू?" मग सुईत दोरा ओवत म्हणाली, "डबे वरच्या फळीवर आहेत. हवं ते घे. पण दुपारच्या सुट्टीत हां, गिऱ्हाइकाच्या वेळात नाही."

डब्यांत वर्षानुवर्षांचे उरलेले दोरे होते. प्रत्येक कोटामागे दोन-चार उरायचे आणि मावशी ते टाकत नसे. सगळे करडे, तपकिरी, काळपट निळे. लोक कोट कुठले लाल-पिवळे घालतात? एकच छोटं बंडल लाल निघालं, एका बँडवाल्याच्या जाकिटाचं. ते मावशीने मुठीत धरून ठेवलं आणि मी कशासाठी हवं ते सांगितल्यावरच सोडलं.

मला ते रिबिनीसाठी हवं होतं. मी काढलेलं चित्र असं होतं: सकाळची वेळ, खिडकीशी स्टुलावर सहा-सात वर्षांची मी, आणि मागे उभी राहून माझे केस विंचरणारी ताई. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून रिबीन तिने दातांत धरलेली. रोज सकाळी ती तशी उभी राहायची आणि दातांतल्या दातांत मला रागवायची. "हलू नको" हे तिला नीट म्हणता यायचं नाही आणि मला हसू फुटायचं. मग वेणी वाकडी व्हायची.

पांढऱ्या लोकरी कापडाचा हातभर तुकडा मावशीने दिला. त्यावर मी खडूने चित्र काढलं आणि भरायला लागले. मला येत होतं ते एकच काम, रफू. तेव्हा मी रफूनेच भरलं, एकेक दोरा मोजून, खालीवर. दुपारच्या अर्ध्या तासात बोटाच्या पेराएवढं व्हायचं. ताईचा एक कान भरायला अकरा दिवस लागले.

पहिले दोन महिने मी नुसती चिडायची. मग केव्हातरी चिडायचं राहून गेलं. कान भरताना आठवलं, की ताई हिशोबाची पेन्सिल त्याच कानामागे खोचायची आणि मग घरभर शोधायची. बाही भरताना आठवलं, की तिच्याकडे तेव्हा दोनच पोलकी होती आणि माझ्याकडे पाच. पंधरा वर्षांची मुलगी, तिची स्वतःची वेणी कोण घालत होतं? हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा एका करड्या दोऱ्यापाशी पडला आणि मी सुई खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिले. मावशीने विचारलं नाही. तिने फक्त खिडकीचा पडदा जरा ओढला, रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसू नये म्हणून.

एरवी ती गप्प बसणारी नव्हती. "नाक अगदी तुझ्या बाबांचं आलंय," ती एकदा वाकून म्हणाली.

"मावशी, ते नाक नाही. कोपर आहे."

"मग बाबांना सांगू नको."

ऑगस्टच्या शेवटी शेवटचा दोरा संपला, तो लाल. बोटीला एकोणीस दिवस होते. मी कापड सुलट केलं. पुढची बाजू इतकी स्वच्छ आली होती, की मला माझाच हेवा वाटला. आणि मग कंगवा दिसला.

ताईच्या डाव्या हातात कंगवा होता. खिडकी भलत्याच बाजूला होती. माझ्या गालावरचा तीळ दुसऱ्या गालावर गेला होता. मी सवयीने उलट बाजूवर चित्र काढलं होतं, सवयीने उलट बाजूने भरलं होतं, आणि कायद्याप्रमाणे एकदाही सुलट करून बघितलं नव्हतं. चित्र बरोबर होतं ती बाजू दोऱ्यांच्या टोकांनी भरलेली होती. सात महिने मावशी माझ्या शेजारी बसून बघत होती. चाळीस वर्षं उलट बाजू बघणाऱ्या त्या बाईलाही काही वावगं वाटलं नाही.

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपण दोघी गाढव आहोत," ती म्हणाली.

"मी उसवते."

"उसव. मीही बसते मदतीला. पण पुन्हा भरायला सात महिने लागतील आणि बोट काही तुझ्यासाठी थांबायची नाही."

"मग काय हे असं उलटं देऊ तिला? एक गोष्ट सांगायची होती, तीही उलटी?"

मी कात्री घेतली आणि कंगव्याचा हात उसवायला लागले. निदान हात तरी जागेवर नेऊ, असं काहीतरी डोक्यात होतं. दोन बोटं निघाली असतील, तोच दार वाजलं. ताई आली होती, भाऊजींचा कोट न्यायला. कापड लपवायला वेळच मिळाला नाही.

तिने ते उचललं. खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, "मी डावखुरी कधी झाले?"

मावशीने कोट शोधायचं निमित्त केलं आणि ती मागच्या कोटांच्या रांगेत शिरली.

"चुकलंय ते," मी म्हटलं. "सगळं चुकलंय. दे इकडे."

"रिबीन दातांत," ताई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता ती माझ्या शेजारी, मावशीच्या खुर्चीत बसली. "तुला आठवतं हे?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. नीट नाही निघालं, तुकड्यातुकड्यांत आलं. निकालपत्र, सही, वर्गातल्या मुली. तू माझी आई नाहीस, हे मी म्हणायला नको होतं, असं मी म्हटलं. एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली होती.

ताई कापडावरून बोट फिरवत होती. "अगं, पण मी नव्हतेच ना तुझी आई," ती म्हणाली. "तू म्हणालीस तेव्हा मी रस्ताभर रडले. पण घरी पोचले आणि मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, हिला कळतंय की. मी आई नाही. मला आईसारखं सगळं जमलंच पाहिजे असं नाही. नऊ वर्षं मी भीतीने अर्धी झाले होते, तुला काही झालं तर काय म्हणून. दुसऱ्या आठवड्यात मी टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. तुझ्यामुळेच घातलं."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? जाताना?"

हे खरं होतं, की माझी समजूत काढायला तिने ते जागच्या जागी रचलं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. दोन्ही तिला शोभणारंच होतं.

मग तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. "आता एवढी दोन बोटं परत भर. मला तिथे डावखुरी म्हणूनच राहू दे."

ती दोन बोटं भरायला मला सगळे एकोणीस दिवस लागले. लागायला नको होते, पण मी घाई केली नाही. घरीच भरली, बॅगा भरणाऱ्या ताईसमोर बसून. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या अठरा वर्षांत बोललो नव्हतो. बाबांनी एकदा कापड हातात घेऊन भिंगातून बघितलं आणि विचारलं, "हे कोपर असं का?"

बाबा त्यानंतर सहा वर्षांनी गेले, दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. मावशीचे डोळे एकाहत्तर सालापासून अधू झाले. मग ती नुसती बसायची आणि माझं काम बोटांनी तपासायची. शेवटपर्यंत तिने कापड सुलट करून बघण्याबद्दलचा कायदा बदलला नाही. ती एकोणऐंशीत गेली, आणि दुकान मी अठ्ठ्याण्णवपर्यंत चालवलं. लग्नाचं मला कुणी विचारलं तेव्हा मन नव्हतं, आणि मन झालं तेव्हा कुणी विचारलं नाही. त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही. दिसणारी कामं मी नंतर पुष्कळ केली, एकूण बावीस. सगळी कोटांच्याच दोऱ्यांची.

भाऊजींना पहिल्या बायकोपासून दोन मुलं होती. ताई पोचली त्या दिवशीच तिने त्यांना सांगितलं, की मला नावाने हाक मारा. तिने पत्रात लिहिलं होतं, की मुलांनी त्यावर मोकळा श्वास घेतला आणि तिनेही. भाऊजी आधी गेले. ताई एकतीस वर्षं तिकडे राहून सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये गेली. मला त्या दोन मुलांतली धाकटी लेक फोनवर सांगत होती आणि सांगताना ती आई म्हणत नव्हती, ताईचं नावच घेत होती.

ते कापड त्या लेकीकडे आहे. मागच्या वर्षी तिने फोटो पाठवला. रंग बरेच उतरलेत, लाल तेवढा टिकलाय. मी आता त्र्याऐंशीची आहे. हात कापतो, त्यामुळे कानाएवढा तुकडा भरायला मला दोन महिने लागतात. सध्या मी मावशीची खिडकी भरते आहे.