कॉपीने मागे उभं राहायचं

माऊसचा बाण हलेना. धाकटीने तो ओढला, तर जरा वेळाने उडी मारून भलतीकडेच गेला. दोघांच्या फिल्मचा शेवटचा सीन कापायचा होता, आणि मशीन रुसून बसलं होतं.

"दादा, मशीन अडकतंय रे!"

"अपडेट चालू असेल," शेजारच्या खोलीतून भाऊ म्हणाला. "तू चहा घे तोवर."

आता हे सांगणारा कोण, तर ज्याने या स्टुडिओत नियम घातला तोच! डिस्क बिचारी एकटी; अवजड फाइलींची कॉपी तिच्या मानगुटीवर बसली की तुमच्या एका क्लिकला कोण विचारतो? म्हणून दादाने स्वतः एक कमांड लिहून ठेवली होती. मोठी कॉपी त्या कमांडनेच लावायची, म्हणजे ती रांगेत मागे उभी राहते. "कॉपी थांबेल, माझी बहीण थांबणार नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. धाकटीला त्याचा केवढा अभिमान होता!

ती चहाला उठली नाही. डिस्कवर कोण बसलंय ते तिने पाहिलं. अपडेट कसलं नि काय! अख्खी फिल्म, तिने जीव ओतून जुळवलेल्या प्रत्येक सीनसकट, बाहेरच्या डिस्कवर चालली होती. तीही कमांडशिवाय, सगळ्यांच्या पुढे घुसून. टेबलामागे वाकून पाहिलं, तर दादाची डिस्क लावलेली.

दादा दारात आला. तिचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं.

"मोठ्या कंपनीने बोलावलंय," तो म्हणाला. "फिल्म घेऊन."

"आपल्याला?"

"मला." मग घाईने, "तुला सांगणारच होतो गं."

"कधी? पडद्यावर तुझं एकट्याचं नाव आल्यावर?"

परक्याने असा केसाने गळा कापला असता, तर तिने चार शिव्या हासडल्या असत्या. सख्ख्या भावाला काय म्हणायचं, ते तिला सुचेना.

"कमांडने लावली असतीस ना, तर मला पत्ताही लागला नसता," ती शेवटी म्हणाली. "पण तुला एवढी घाई, की आज मलाच मागे उभं केलंस."

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो स्क्रीनवरची पट्टी बघत होता, कॉपी किती उरली ते.

तेव्हा मात्र तिने तो अडखळणारा बाण ओढत ओढत 'रद्द'वर नेला.