हातभर सळई आणि चाळीस पिंपं

मी पिठात खुपसायची सळई बोलतेय. हातभर लांब, आतून पोकळ, टोकाला तिरपी. पिंपाला भोक पाडून मला आत ढकलतात, फिरवतात, ओढतात, की तिथलं पीठ माझ्या पोटातून बाहेर! फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर मी इतकी पिंपं धुंडाळलीत, की गहू कापताना शेतकऱ्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, तेसुद्धा चवीवरून सांगेन.

माझे मालक जेबेझ ऑलकॉट पिठाचे व्यापारी. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून 'हं' म्हणायचे. त्या 'हं'वर जहाजं सुटायची. पुढे अमेरिकेतल्या वसाहतींचं इंग्लंडच्या राजाशी बिनसलं आणि लोकांनी त्यांना प्रांताच्या सभेत पाठवलं. भाषणाला उठले की घामाघूम व्हायचे बिचारे. म्हणून सभेनं त्यांना जमणारं काम दिलं: सैन्याला जाणारं पीठ तपासायचं आणि चांगल्या पिंपावर आपलं नाव डागायचं.

त्या हिवाळ्यात सैन्य नदीकाठी अर्धपोटी बसलं होतं. मालकांचा मेहुणा सायलस यानं आपल्या गिरणीतून चाळीस पिंपं आणली.

"दाजी, घरच्या पिठाला कसल्या सुया टोचताय?"

"सळई सगळ्यांना सारखी रे बाबा," म्हणत मालकांनी मला वरून खुपसलं. पांढरंशुभ्र! चाळीस वेळा 'हं' झालं, चाळीस पिंपांवर नाव डागलं. पण माझ्या टोकाच्या खाली काय असेल, या विचारानं मला चैन पडेना. माझी लांबी संपत होती तिथेच सायलसचं हसू सुरू होत होतं.

एकोणचाळीस पिंपं गाड्यांत मावली आणि छावणीकडे निघाली, एक वखारीत राहिलं. दोन दिवसांनी मालकीणबाई, प्रूडन्स, तिथे आल्या.

"अहो, हे उलटं करा बघू."

"का गं?"

"सायलस लहानपणी सफरचंदांची टोपली भरायचा. वरची आईला मिळायची, खालची मला."

पिंप उलटलं, बुडातून मी आत गेले. बाहेर आले ती करड्या, कुबट, वाळू मिसळलेल्या पिठानं भरून. माझ्या तोंडातून दोन किडे चालत बाहेर पडले, अगदी सभासदांच्या ऐटीत.

मालक मला पुसू लागले. "तुझा सख्खा भाऊ आहे गं."

"आणि नाव तुमचं आहे त्यावर."

दुसऱ्या दिवशी त्याच पिठाचा पाव घेऊन मालक सभेत उभे राहिले. मी कमरेला होते. पहिला घास त्यांनीच खाल्ला. कचकच आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"ऑलकॉट, मेहुणा तुमचा, दात तुमचे," एक सभासद म्हणाला, "मग आम्ही ओरडायचं कुणावर?"

"माझ्यावर! मी उलटून पाहिलं नाही. पण ओरडा नंतर, आधी मला घोडा द्या."

तेव्हा मात्र त्यांना घाम फुटला नव्हता.

आम्ही छावणीत पोचलो तोवर आठ पिंपं संपली होती. एकतीस मालकांनी स्वतः बाजूला काढली.

"पीठ कसं होतं?" त्यांनी आचाऱ्याला विचारलं.

पायाला चिंध्या गुंडाळलेला तो म्हातारा म्हणाला, "ते नका विचारू, साहेब. भाकरी गरम होती एवढंच पोरांनी पाहिलं."

मालकांनी टोपी काढली.

आता मी गंजलेय. सभागृहात काचेच्या कपाटात असते. माणसं येतात, माझी लांबी विचारतात, वय विचारतात. ती आठ पिंपं कुणी खाल्ली, त्यांचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही. मलाही ते कधी कळलं नाही. तुम्ही आलात तर तेवढं विचारा. उत्तर मिळायचं नाही, पण विचारा.