बसलीच आहेस तर

आमच्या घरात एक कायदा आहे. जो बसलेला दिसेल त्याला काम सांगायचं. म्हणायला कायदा सगळ्यांना सारखा, पण नवरा बसला तर तो दमलेला असतो, लेक बसली तर ती अभ्यास करत असते आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असतात. राहिलं कोण? मी. मी खुर्चीला टेकायचा अवकाश, कुठल्या ना कुठल्या खोलीतून हाक येतेच, "अगं, बसलीच आहेस तर..."

आता माझं बसणं म्हणजे काय मोठी चैन असते? दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात उभी असते. डॉक्टरीणबाई स्टुलावर, पेशंट खुर्चीत आडवा, आणि मी शेजारी लाळ ओढायची नळी धरून. घरी येते तेव्हा पायांचे खांब झालेले असतात. त्या पायांना एक खुर्ची आणि हातांना एक सुई, एवढंच मला हवं असतं. भरतकाम उभ्यानं होत नाही, त्याला मी काय करू?

तर तो बगळा. खिडकीशेजारच्या भिंतीवर लावायला मी एक बगळा भरायला घेतला होता. राखाडी कापडावर, पाण्यात एका पायावर उभा. चित्र बघून वाटलं, त्यात काय, नुसता पांढरा दोरा तर आहे. भरायला बसल्यावर कळलं की पांढरा हा रंग नसून कटकट आहे. दुधाळ पांढरा, पिवळट पांढरा, निळसर पांढरा, आणि हे सगळे लांब-आखूड टाक्यांनी एकमेकांत असे मुरवायचे की जोड दिसता कामा नये. चोच झाली, पाय झाला, पाणीही झालं. पंखापाशी घोडं अडलं. कितीही भरला तरी तो पंख न दिसता घडी घातलेला रुमाल दिसायचा.

का बिघडायचा, तेही सांगते. टाका अर्ध्यात असताना हाक यायची. बसलीच आहेस तर गॅस बारीक कर. बसलीच आहेस तर माझा चष्मा बघ कुठे पडलाय. मी उठायचे, परत यायचे आणि सुईत कुठला पांढरा होता तेच विसरलेली असायचे. मग चुकायचं, मग उसवायचं. उसवून उसवून पंखाखालचं कापड इतकं विरलं होतं की उजेडाला धरलं तर पलीकडची खिडकी दिसायची. आणखी एकदा उसवलं असतं तर तिथे भोकच पडलं असतं आणि सगळा बगळा फुकट गेला असता.

नवरा त्याला बदक म्हणायचा. "काय म्हणतंय तुझं बदक?" एकदा त्यानं त्यावर चहाचा कप ठेवला, तेव्हा मी अशी काही ओरडले की बिचारा चहा न पिताच आंघोळीला गेला.

त्या रविवारी नणंदेकडे जेवायला जायचं होतं. तिनं मला भेट दिलेला हिरवा, घेरदार ड्रेसच घालायचा, असा सासूबाईंचा सकाळपासून धोशा होता. मी घातला. माझं आवरून झालं, बाकीच्यांचं चालूच होतं. म्हटलं तेवढ्यात पंखाची शेवटची बाजू घ्यावी. भरतकामाची रिंग मांडीवर घेतली आणि काय सांगू, त्या दिवशी हात लागला! निळसर पांढरा दुधाळात उतरला, दुधाळ पिवळटात, आणि माझ्या डोळ्यांदेखत रुमालाचा पंख झाला. मला रडूच यायचं बाकी होतं.

"आई, बसलीच आहेस तर माझे मोजे शोध ना!" लेक आतून ओरडली.

सवय वाईट. मी उठले. आणि माझ्याबरोबर रिंग उठली, रिंगबरोबर ड्रेसचा घेर गुडघ्यापर्यंत वर आला. मी पंखाची ती अख्खी बाजू ड्रेससकट भरली होती.

तिघंही धावत आले. नवरा पोट धरून हसायला लागला. "थांब, त्यात काय! मागून दोरे काप, लगेच सुटेल."

"हात लावशील तर बघ," मी म्हणाले. "दोरे कापले तर पंख गेला. खालचं कापड आता काही सोसणार नाही."

"आणि ड्रेस?" सासूबाईंनी विचारलं. "अगं, माझ्या लेकीनं हौसेनं आणलाय तो. तुझं ते काय, पुन्हा भरशील सावकाश."

तुझं ते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुन्हा खुर्चीत बसले.

"आई, मला आता उठता येत नाहीये. तुम्हाला दिसतंयच. मोजे जिचे तिनं शोधायचे. पंखाचं टोक राहिलंय, ते झाल्यावर निघू."

आणि उरलेले टाके मी मुद्दाम, समजून-उमजून, ड्रेससकट घातले. तिघं दाराशी चपला-बूट घालून उभे होते. एकाच्याही तोंडातून "बसलीच आहेस तर" निघालं नाही. काय सांगणार? मी शिवलेली होते ना! शेवटची गाठ मारली, कात्री घेतली आणि ड्रेसचा घेर पंखाभोवतीनं कापून टाकला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. बगळ्याच्या पाठीला हिरवा तुकडा राहिला, म्हणजे विरलेल्या कापडाला आयताच आधार मिळाला. मग मी दवाखान्यात घालते तो साधा ड्रेस घातला आणि जेवायला गेले. नणंदेला दारातच खरं ते सांगून टाकलं. ती फुगली. फुगू दे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले, बगळा भिंतीवर लावला, नवं कापड रिंगमध्ये ताणलं आणि खुर्चीत बसले.

"अगं, बसलीच आहेस तर..." म्हणत नवरा दारात आला आणि माझ्या मांडीकडे बघून थबकला. "आजही शिवून घेतलंस की काय?"

मी रिंग दोन्ही हातांनी वर उचलून दाखवली. खाली ड्रेस जागच्या जागी होता.

"नाही. आज उठता येतंय."

"मग?"

"मग काय? उठणार नाहीये." मी सुईत दोरा ओवला. "तू उभाच आहेस तर दूध बघ, उतू जातंय."