आम्ही पीत नाही, चव घेतो

पाहुणे येणार म्हटलं की हल्ली आपल्याकडे पहिला प्रश्न जेवणाचा नसतो, 'बसायचं' कुठे, हा असतो. गोंदियात हेमेंद्रच्या घरी तो प्रश्न केव्हाच सुटला होता. दर रविवारी दुपारी वरच्या खोलीत चार-पाच मित्र जमायचे आणि खाली त्याची बायको प्रेमिला तोंड बंद ठेवून भजी तळायची.

हेमेंद्रचं पंखे-कूलरचं दुकान होतं आणि तो स्वतःला दर्दी समजायचा. रस्त्याच्या कडेला पडतात ते दारुडे. "आम्ही पीत नाही, चव घेतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. खेळही ठरलेला होता. आधी बाटल्या हुंगवायच्या, मग एकाचे डोळे दुपट्ट्याने बांधायचे, पाच छोट्या ग्लासांत थोडं थोडं ओतायचं आणि कोणता ग्लास कशाचा ते ओळखायचं. कधी बिअर, कधी जिन, कधी व्हिस्की. खोटं कशाला बोला, मजा यायची. कुणाला एखाद्या व्हिस्कीत गूळ सापडायचा, कुणाला धूर, आणि त्यावरून जेवण निवेपर्यंत वाद चालायचा.

या खेळात कुशल आला तो हेमेंद्रमुळेच. कुशल त्याच्या गावचा, चोरखमाऱ्याचा. हेमेंद्रपेक्षा पाच वर्षांनी लहान आणि नागझिऱ्याच्या जंगलात गाइड. त्याच्या नाकाची ख्याती होती. बिबट्या झाडावर खूण करून गेला असेल तर तो चालत्या जिप्सीतून सांगायचा. हेमेंद्रने गंमत म्हणून त्याला एका रविवारी बसवलं, तर पठ्ठ्याने पाचही ग्लास बरोबर ओळखले! तोवर त्याने आयुष्यात चार वेळाही बिअर प्यायली नव्हती. "ही भाताच्या पेजेवानी हाय," तो म्हणायचा, "आन हिच्यात कोणी तिखाडी गवत चुरगाळलं वाटते." मंडळी टाळ्या पिटायची. नागपूरचे पाहुणे आले की हेमेंद्र खास फोन करून कुशलला बोलवून घ्यायचा आणि आपण शोधलेला हिरा म्हणून मिरवायचा.

दोन वर्षं असे रविवार झाले. मग कुशलला बुधवारही रविवारसारखा वाटू लागला. उन्हाळ्यात पर्यटकांनी तक्रार केली की गाइडच्या तोंडाला सकाळी सहालाच वास येतो. त्याचं नाव यादीतून निघालं. वनखात्याचा साहेब भला होता. पावसाळ्यात जंगल बंद असतं, ते ऑक्टोबरात उघडेल तेव्हा शुद्धीवर उभा राहिलास तर परत घेईन, नाहीतर कायमचा घरी बस, असं त्याने बजावलं.

कुशलची बायको दुर्गेश्वरी त्यासाठी हेमेंद्रच्या दुकानात आली. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभीच राहिली.

"भाऊ, त्याले बलावू नोका," ती म्हणाली. "घरी मी पायते. पन तुमचा फोन आला का तो माह्या हातात राहत नाही."

हेमेंद्रने हो म्हटलं. त्याला वाईटही वाटलं, पण मनात तो हेच म्हणाला, की कुशलला पचवता आलं नाही, यात आपला काय दोष? तरी सात रविवार त्याने शब्द पाळला. कुशलनेही पाळला. तो शेतात जाऊ लागला, जेवू लागला, हातांची थरथर कमी झाली. दुर्गेश्वरीने गाइडचा खाकी शर्ट धुऊन ठेवला.

ऑगस्टात एका मित्राने गोव्याहून दोन नव्या जिन आणि तीन व्हिस्की आणल्या. कोणालाच काही ओळखता येईना. पैज लागली. हेमेंद्रने फोन उचलला. एकच रविवार, त्याने काय होतं?

त्याची आई रुख्माबाई त्या आठवड्यात मुलाकडे आली होती. चोरखमाऱ्यात मोहाच्या भट्ट्या बंद पाडणाऱ्या बायकांची ती पुढारी. त्यांच्या दारूबंदीच्या सभेत हेमेंद्रनेही जोरदार भाषण ठोकलं होतं.

"कायले बलावून राहिला तू त्याले?" तिने जिन्यातच अडवलं.

हेमेंद्रने समजूत घातली, की ही मोहाची दारू नाही, चांगल्या प्रतीची आहे आणि आपण घोटभरच घेतो.

"आमी मडके फोडले तवा टाळ्या वाजवल्या तुवं. तुही काचेच्या बाटलीत हाय म्हनून दारू नाही का?" रुख्माबाई म्हणाली. "तुले घोट पुरते. त्याले नाही पुरत. कोनाले पुरन आन कोनाले नाही, हे आधी कोनाच्या कपाळावर लिवलं रायते का? मंग दुसऱ्याले देऊन कायले पायतं?"

वर मंडळी हाका मारत होती आणि कुशल दारात आला होता. हेमेंद्र आईला वळसा घालून त्याला वर घेऊन गेला.

डोळे बांधले. पाच ग्लास मांडले. कुशलने पहिला उचलला आणि नाकाजवळ न नेताच रिकामा केला. मग दुसरा. सगळे हसले. तिसरा, चौथा, पाचवा. हसणं थांबलं. हेमेंद्रने विचारलं, "कोणती कोणती होती?"

"मले नाही समजत भाऊ," कुशल म्हणाला. "सारं एकच लागते. अजून दे."

आणि त्याने चाचपडत बाटलीकडे हात नेला. हेमेंद्र त्या हाताकडे बघत राहिला. बिबट्याचा माग सांगणारा माणूस आपण करमणुकीसाठी संपवला, हे त्याला त्या क्षणी उमगलं, आणि उशीर झालाय हेही!

त्या दिवसापासून हेमेंद्र दारूला शिवला नाही. कुशलला घेऊन तो नागपूरला गेला, व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर ठेवलं. कुशल परत आला आणि आठव्या दिवशी पुन्हा सुरू झाला. जंगल उघडलं तेव्हा तो फाटकापर्यंतही पोचला नाही. आता त्याचे डोळे पिवळे झालेत, पोट फुगलंय. लिव्हर गेलं, असं डॉक्टर सांगतात. रविवारची मंडळी दुसऱ्याच्या घरी बसू लागली. हेमेंद्र त्यांना समजवायला गेला तेव्हा त्यांनी त्याला संतमहाराज म्हणून चिडवलं.

वाचकहो, पिणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या हातात पहिला ग्लास बहुतेक वेळा शत्रू देत नाही, जीवाभावाचा माणूस देतो, कौतुकाने देतो. बाटली महाग असली म्हणून आतली वस्तू बदलत नाही. आपल्याला झेपतं म्हणून दुसऱ्याला आग्रह करण्याचा अधिकार आपल्याला कोणीही दिलेला नाही.

परवा हेमेंद्र चोरखमाऱ्याला गेला. आपण कायमची सोडली, हे त्याने दुर्गेश्वरीला सांगितलं. ती कुशलला उशीला टेकवून पेज भरवत होती.

"चांगलं केलं भाऊ," ती मान वर न करता म्हणाली. "तुमाले सोडता आली."