वाऱ्याला न लागलेले ठोसे

सत्तरी उलटून पाच वर्षं झाली तरी माईक दिसला की आवाजकाकांची मान आपोआप ताठ व्हायची. जित्याची खोड, दुसरं काय! तीस वर्षं त्यांनी रेडिओवर बॉक्सिंगचं धावतं वर्णन केलं, आणि त्यातली अकरा वर्षं गाजली ती एकाच माणसामुळे. त्या माणसाला सगळे वारा म्हणत. हे नावही काकांनीच ठेवलेलं. "वाऱ्याला कोण ठोसा मारणार, मंडळी? चुकवला!" असं ते गरजले की घराघरांत रेडिओसमोर टाळ्या पडत. गल्लीतली पोरं एकमेकांना चापट मारायला धावत आणि मान खाली घालून ओरडत, "चुकवला!"

त्या रविवारी सकाळी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये जाहीर चर्चा ठेवली होती. बचावात थोर कोण, जुने बॉक्सर की आजचे? जुन्यांच्या बाजूने काका. आजच्यांच्या बाजूने तिथली तरुण प्रशिक्षक. मुलं तिला ताई म्हणत. आणि पहिल्या रांगेत खुद्द वारा, बायकोबरोबर. त्याचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. वहिनींनी त्या हातावर आपला हात ठेवला होता, एखादं भांडं वाजू नये म्हणून धरावं तसा.

काकांनी त्या हाताकडे बघायचं टाळलं. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी वाऱ्याचा हात थरथरायला लागला, शब्द अडखळायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, यांच्या डोक्याला फार मार बसलाय का? वहिनी धावत काकांकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही तर रिंगच्या कडेलाच असायचात. यांना लागायचं का हो?" आणि काकांनी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "छे, वहिनी! याला कोण मारणार?" त्या निवांत मनाने परत गेल्या. डॉक्टरांना तेच सांगितलं. दोन वर्षं वाऱ्याला दुसऱ्याच आजाराच्या गोळ्या चालल्या, गुण आला नाही, आणि नेमकं निदान अजून झालंच नव्हतं.

देव जिभेवर बसतो म्हणतात. काकांच्या जिभेवर टाळ्या बसल्या होत्या. देवाला जागाच उरली नव्हती.

चर्चा मात्र रंगली. काका उठले. "आजच्या पोरांचा बचाव म्हणजे दार लावून घरात बसणं! दोन्ही हात तोंडापुढे. आमचा वारा दार सताड उघडं ठेवायचा, आणि चोराला घर सापडायचं नाही!"

हॉल खदाखदा हसला. वाराही हसला, तोंडाच्या एका बाजूने.

"काका, दार लावलेल्या घरात चोऱ्या कमी होतात, एवढंच म्हणते," ताई म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला. मग ती गंभीर झाली. "जुन्यांची विद्या मी नाकारत नाही. पंधरा-पंधरा फेऱ्या, पातळ हातमोजे. समोरच्याच्या लढती आधी बघून ठेवायची सोय नाही. त्याच्या पायाच्या चवड्यावरून ठोसा ओळखायचा आणि कंबरेतून वळायचं. माझी मुलं अजून ते शिकतायत. पण आमच्या बचावात मी डॉक्टरही धरते. डोक्याला लागतंय असं दिसलं की तो लढत थांबवतो. जुन्यांना कोण थांबवायचं?"

"ज्याला लागतच नाही, त्याला थांबवायचं कशाला?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींनी टाळी वाजवली नाही. हात मोकळा नव्हता.

"बरं, वाद पुरे," ताई हसत म्हणाली. "आमच्या माळ्यावर एक डबा सापडलाय. वाराकाकांच्या शेवटच्या काळातल्या एका लढतीची फिल्म. चित्र चांगलं आहे, आवाज नाही. काका, माझे बाबा तुमची नक्कल करत भाजी चिरायचे. आज मुलांना खरा आवाज ऐकवा ना!"

बिचारीने मानाने माईक पुढे केला. वीज जावी, मशीन अडावं, आपल्याला खोकल्याची उबळ यावी, काहीही व्हावं, असं काकांना वाटलं. काही झालं नाही. खिडक्यांचे पडदे ओढले गेले आणि भिंतीवर चाळीस वर्षांपूर्वीचा वारा नाचू लागला.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन फेऱ्या तो वाराच होता. खांद्यावरून ठोसा घसरवायचा, केसभर मान हलवायचा, आणि समोरचा आपल्याच जोराने तोल जाऊन पुढे पडायचा. "चुकवला! पुन्हा चुकवला!" काकांचा आवाज तरुण झाला. मुलं खुर्चीवरून उठली.

चौथ्या फेरीत डावा ठोसा आला तो सरळ वाऱ्याच्या कानावर. मान झटक्याने वळली, पाय क्षणभर लुळे पडले.

"चुकवला!" काकांची जीभ म्हणाली.

हॉलमधल्या टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. काकांनाही ते थांबणं ऐकू आलं. पुढचा ठोसा जबड्यावर बसला. "वाऱ्याला कोण..." एवढं म्हणून ते गप्प झाले. फिल्म चालू राहिली, मुकी.

"बोला ना, भाऊजी," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "थांबलात का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

"ही लढत मी इस्त्री करता करता ऐकली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, एकही लागला नाही. हे घरी आले तर कानात रक्त. म्हणाले, दारावर आपटलो. आठवडाभर मी त्या दाराला शिव्या घालत होते, भाऊजी."

काकांना सगळं आठवलं. सुरुवातीला एकदा त्यांनी खरं सांगितलं होतं: वाऱ्याला लागला, चांगलाच लागला. तर केंद्रावर रागाच्या पत्रांचा ढीग. साहेब म्हणाले, अहो, लोकांना वारा हवाय. मग एक ठोसा गिळला. दुसरा गिळायला कमी कष्ट पडले. ऐकणाऱ्याला गोड लागायला लागलं की सांगणाऱ्याला कडू आठवेनासं होतं. बरं, साहेबांवर ढकलावं, तर साहेब काही डॉक्टरांच्या वेळी मध्ये नव्हते. तिथे फक्त वहिनी होत्या, आणि ते.

"ताई," काका म्हणाले, "चौथी फेरी पुन्हा लाव."

तिने एकदा त्यांच्याकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि फिल्म मागे नेली.

"लागला," काका म्हणाले. "उजव्या कानावर. लागला. जबड्यावर. हा... हाही लागला. कपाळावर."

वाऱ्याचं हसू थांबलं. तो भिंतीकडे बघत होता, मग हळूच वळला. शब्द लांबून चालत यावेत तसे आले. "म्हणजे... तुला... दिसत होतं?"

"दिसत होतं, वाऱ्या. सगळे दिसत होते."

वाऱ्याने पुन्हा भिंतीवरच्या स्वतःकडे पाहिलं. "सगळे म्हणायचे, लागलाच नाही. रेडिओवर सांगितलं, म्हणायचे. मला वाटायचं... मीच कच्चा. न लागताच दुखतंय." मग त्याने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. "सांग. पुढचे."

काकांनी सांगितले. पाचवी फेरी, सहावी, सातवी. जो चुकवला तो चुकवला म्हणून सांगितला. तेही बरेच होते. जो लागला तो कुठे लागला ते सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. ताईने मध्येच डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

पडदे उघडले तेव्हा वहिनी उठून ताईकडे गेल्या. "बाळा, ही फिल्म डॉक्टरांना दाखवता येईल का गं?"

"उद्याच जाऊ, काकू. मी घेऊन येते."

काका खाली आले. वहिनींच्या पायांशी वाकावं असं त्यांच्या मनात होतं, पण तेही लोकांना दिसेल, तेही छानच दिसेल, या विचाराने ते उभेच राहिले. माईक हातातच राहिला होता. "वहिनी, मीही येतो. डॉक्टरांना मी सांगतो सगळं."

वहिनींनी वाऱ्याला काखेत हात घालून उठवलं, त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"या की," त्या म्हणाल्या. "यांना जिन्यावरून न्यायला माणूस लागतोच. पण तिथे तुम्ही काही बोलू नका, भाऊजी. डॉक्टर फिल्म बघतील."

माईक चालूच होता. सगळ्या हॉलने ते ऐकलं.

"बरं," काका म्हणाले, आणि वाऱ्याचा दुसरा हात धरला.